मदत हवी आहे: मराठवाड्याच्या उन्हात बोन्साय कसं सुरू करावं?

नमस्कार मंडळी. मी परभणीत राहते. गच्चीवर बोन्साय (उथळ कुंडीत बुटकं ठेवून वाढवलेलं झाड) करायची फार इच्छा आहे, तेही तयार झाड विकत न आणता रोपापासून स्वतः घडवून. व्हिडिओंत बहुतेक जुनिपर नाहीतर मेपल दाखवतात. ती थंड हवेची झाडं. इथे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. म्हणून वड, उंबर, चिंच किंवा बोगनवेल यांपैकी एक घ्यावं असं ठरवतेय. जुन्या वाड्यांच्या भिंतींत उगवलेली वड-पिंपळाची रोपं दिसतात ना, मुळं आखडलेली आणि खोड जाड, मला तीच सगळ्यात आवडतात. ती काढायची कधी? फेब्रुवारीत की मृग लागल्यावर?

मोठी अडचण मातीची आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. उथळ कुंडीत तिच्यात मुळं कुजतील. चाळलेला मुरूम, विटांचा चुरा आणि चांगलं कुजलेलं शेणखत असं मिश्रण कुणी वापरलंय का? प्रमाण काय ठेवलं? शिवाय बोअरचं पाणी क्षाराचं, कुंड्यांवर पांढरा थर धरतो. पावसाचं पाणी साठवण्याशिवाय दुसरा उपाय आहे का?

उन्हाळ्यात ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी पुरते का, आणि पाणी दिवसातून किती वेळा घालता? फांद्यांना आकार द्यायला तार बांधणं वगैरे नंतर शिकेन, आधी झाड जगलं पाहिजे. लातूर, बीड, नांदेडकडे कुणी करत असेल तर कृपया सविस्तर सांगा.