मदत हवी आहे: सव्वादोन वर्षांचा मुलगा बोलत नाही, कोल्हापुरात सुरुवात कुठून करू?

मुलगा २७ महिन्यांचा आहे, आम्ही कसबा बावड्यात राहतो. आई, बाबा, भूभू आणि अजून दोन-चार शब्द येतात, पण "पाणी दे" असं जोडून अजून एकदाही नाही. पाणी पाहिजे असलं की माझा हात धरून माठापाशी नेतो आणि माझाच हात तांब्यावर ठेवतो, स्वतः बोट दाखवत नाही, माझ्याकडं बघतही नाही, खरी काळजी मला याचीच आहे. हाकेला ओ देईलच असं नाही, पण कुकरची शिट्टी झाली की आतल्या खोलीतनं पळत येतो. चालायला वेळेत लागला, झटके वगैरे कधी नाहीत.

कानाची बेरा टेस्ट नॉर्मल आली. एमचॅट (ऑटिझमची शक्यता आहे का ते बघणारी) प्रश्नावली भरली, स्कोअर मध्यम आलाय. मोबाईल-टीव्ही बंद केलाय, घरी मराठीच बोलतो. सासूबाई म्हणतात त्याचे बाबापण उशिरा बोलले, तीनपर्यंत थांबा, पण थेरपी जितकी लवकर तितकी बरी असं वाचलंय म्हणून मला थांबायचं नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डीईआयसी सेंटरला (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं जिल्ह्याचं केंद्र) मोफत तपासणी होते ना, तर त्यासाठी इथल्या सीपीआर सरकारी हॉस्पिटलला कुणी गेलंय का? थेट केसपेपर काढायचा का अंगणवाडीची चिठ्ठी लागते? ह्यांची शिरोली एमआयडीसीत शिफ्ट असते, त्यामुळं आठवड्यातनं दोनदाच जमेल, पुणे-मुंबई शक्य नाही. आणि स्पीच थेरपी आधी लावू का ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं-खेळ यातनं शिकवणारी), का दोन्ही एकदम?