मदत हवी आहे: कामगारांना कंपनीत काय आवडतं, काय खटकतं हे खरं कसं कळेल?

प्रश्न – टाइमऑफिस

नमस्कार. चाकण एमआयडीसीतला प्रेस शॉप आणि वेल्डिंगचा कारखाना आहे. माणसं १४०: ६० कायम, ८० ठेकेदाराकडची. नवीन मुलं पहिल्या तीन महिन्यांतच सोडून जातात. कारण कळावं म्हणून फॉर्म वाटले: पगार, कॅन्टीन, सुरक्षितता, सुपरवायझर, प्रत्येकाला १ ते ५ गुण. जवळपास सगळ्यांनी ४ नाहीतर ५ दिले. सूचनांच्या रकान्यात ९ जणांनी 'सर्व चांगले आहे' लिहिलं, बाकीचे कोरे. गेटबाहेर चहाच्या टपरीवर मात्र वेगळंच ऐकू येतं.

फॉर्म सुपरवायझरनी लाइनवर वाटले आणि शिफ्ट सुटायच्या आत गोळा केले. नाव विचारलं नव्हतं, विभाग आणि पाळी विचारली होती. कुठे चुकलं? आता काय करावं?

प्रतिसाद – पाना_बारा_तेरा

चुकलं ते वाटण्यात. नाव नसलं तरी 'वेल्डिंग, तिसरी पाळी' म्हटल्यावर चार-पाच जणच उरतात आणि त्यांचं अक्षर सुपरवायझरला पाठ असतं. प्रश्न त्याच्याबद्दल आणि कागद गोळा करणाराही तोच, मग पाचच गुण मिळणार. ठेकेदाराच्या माणसाला तर 'उद्यापासून येऊ नको' एवढं सांगितलं की काम गेलं. तो कशाला खरं लिहील?

पुन्हा कराल तेव्हा कुलूप लावलेली पेटी ठेवा, कपडे बदलायच्या खोलीत, कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, तीन दिवस. फॉर्म मराठीत आणि हिंदीत, लिहायचं काही नाही, नुसती खूण. विभाग विचारू नका, फक्त कायम की ठेकेदारी एवढंच. दहापेक्षा कमी जणांची बेरीज वेगळी काढायची नाही, साहेबांनी मागितली तरीही.

गुण सोडून द्या. 'कॅन्टीन कसं वाटतं' याला ३ मिळाले तर त्यातून करायचं काय? घडलेलं विचारा: गेल्या महिन्यात रात्रपाळीला जेवण गार किती वेळा मिळालं? शिफ्ट सुटल्यावर बससाठी किती मिनिटं थांबावं लागलं? रजेच्या अर्जाला उत्तर किती दिवसांत आलं? ओव्हरटाइमचे तास स्लिपवर बरोबर आले का? आठाच्या वर प्रश्न नेऊ नका.

आणि आवडतं ते विचारायला विसरू नका. 'दुसऱ्या कंपनीत गेलात तर इथलं काय मिळणार नाही?' हा प्रश्न फार कामाचा आहे. पगार ठरल्या तारखेला होणं, गावाच्या फाट्यापर्यंत येणारी बस, अशी उत्तरं येतात. खर्च कमी करताना पहिली कात्री नेमकी यांनाच लागते, म्हणून ती आधी माहीत हवीत.

प्रतिसाद – मस्टर

नवीन मुलं जातात ना, मग पहिल्या पगाराचा दिवस तपासा. भरतीच्या वेळी तोंडी सांगतात 'सोळा हजार'. त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १३,००० धरा. पीएफ १२ टक्के म्हणजे १,५६०. ईएसआय (कामगार राज्य विमा) ०.७५ टक्के, पूर्ण १६,००० वर, म्हणजे १२०. व्यवसाय कर २००. खात्यात येतात १४,१२०. (महिलांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यांना १४,३२० यायला हवेत. तरीही २०० कापले जात असतील तर ती चूक आधी दुरुस्त करा.)

मुलाच्या हिशेबात १,८८० रुपये कंपनीने खाल्ले. त्याने खोलीचं भाडं आणि मेस सोळावर बांधलेली असते. भरतीच्या दिवशीच हा हिशेब कागदावर मांडून द्या. पीएफचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो. त्यानंतर सरकारच्या उमंग ॲपवर पीएफचं पासबुक त्याच्याच मोबाइलवर उघडून दाखवा. ठेकेदाराने पैसे भरले की नाही, तेही तिथेच कळतं.

दुसरी जागा ओव्हरटाइम. कायद्याने दर दुप्पट आहे, पण भांडण बहुतेक तासांवरून होतं. पंचिंग मशीन एक सांगतं, सुपरवायझरची वही दुसरं, आणि फरक कळतो महिन्याने, जेव्हा कुणालाच काही आठवत नाही. कालच्या ओव्हरटाइमची यादी रोज सकाळी दहापर्यंत लाइनवर लावा. चूक असेल तर तिथल्या तिथे मिटते.

टाइमऑफिस

दोघांचेही आभार. हा कापलेल्या पैशांचा हिशेब आम्ही कधीच देत नाही. आणखी एक: सोडताना विचारलं तर सगळे 'घरची अडचण' सांगतात.

प्रतिसाद – पाना_बारा_तेरा

सोडतानाचे राहिलेले पैसे, म्हणजे शेवटचा हिशेब, अडकेल या भीतीने तसं सांगतात. पूर्ण हिशेब खात्यात जमा झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी फोन करा, त्याच्या विभागाबाहेरच्या माणसाकडून. 'का सोडलं' नका विचारू. 'सोडायचं पहिल्यांदा मनात आलं त्या दिवशी काय झालं होतं?' असं विचारा. आणि जे अजून आहेत त्यांच्याशी सातव्या दिवशी, तिसाव्या दिवशी आणि पहिल्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं बोला.

पेटी उघडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस बोर्डावर लावा: काय आलं, काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि काय जमणार नाही व का. हे लावणार नसाल तर पेटी ठेवूच नका, कारण पुढच्या वेळी ती रिकामी निघेल.

टाइमऑफिस

ठीक. आधी ओव्हरटाइमची यादी सोमवारपासून लावतो, पेटी पुढच्या महिन्यात. फॉर्मचे आठ प्रश्न तयार झाले की इथेच टाकतो, कृपया तपासून द्या.