संजय गांधी निराधारचा अर्ज 'उत्पन्न जास्त' म्हणून नामंजूर, आता काय करायचं?

माणदेशी: मामेभावाला ५५ टक्के अस्थिव्यंग आहे, यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं ओळखपत्र) आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ४२,००० रुपयांचा. तरी संजय गांधी निराधारचा अर्ज 'उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त' एवढ्याच शेऱ्यावर नामंजूर झाला. सेतूत म्हणतात, २१,०००च्या आतला नवा दाखला काढा. काढावा का? की दाद मागता येते?

रकाना: असला दाखला अजिबात काढू नका. पुढे खोटा ठरला तर अनुदान जाईल, वसुलीही मागे लागेल. मुळात गरजच नाही. २१,०००ची मर्यादा विधवा, निराधार वगैरेंसाठी आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,०००पर्यंत चालतं. अर्जाची प्रत घेऊन प्रवर्गाचा रकाना बघा. तिथे 'दिव्यांग'ऐवजी 'निराधार' पडलं असेल, तर छाननीत २१,०००चीच फूटपट्टी लागते.

दाखल्याची मुदतही तपासा. एका वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो.

पोचपावती: तोंडी विचारत बसू नका. तहसीलच्या संगांयो (संजय गांधी योजना) शाखेत तहसीलदारांच्या नावे फेरविचाराचा अर्ज द्या. त्यात दिव्यांगत्वाची टक्केवारी, दाखल्याचा क्रमांक, ५०,०००ची मर्यादा आणि जुना अर्ज क्रमांक लिहा. सोबत नामंजुरीची प्रत. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, नाहीतर अर्ज दिल्याचा पुरावाच राहत नाही. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या.

त्याच दिवशी माहिती अधिकारात छाननीचा शेरा आणि अर्जांवर निर्णय घेणाऱ्या समितीच्या बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत मागा. १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. एवढं करूनही हलले नाहीत, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.

माणदेशी: प्रवर्ग खरंच 'निराधार' पडलाय! मंजुरीनंतर पैसे याच खात्यात येतील ना? आधार जोडलेलं आहे.

रकाना: केवायसीला (बँकेच्या ओळख पडताळणीला) आधार दिलं म्हणजे डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात येणं) सुरू झालं असं नाही. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग' स्थिती, म्हणजे डीबीटीसाठी आधार कुठल्या बँकेशी जोडलंय ते बघा. तिथे दिसेल त्याच बँकेत पैसे जातात, मग अर्जात खातं कुठलंही असो. जुनं बंद खातं दिसलं तर हव्या त्या बँकेत डीबीटी सीडिंगचा फॉर्म भरा. आणि दिव्यांग प्रमाणपत्र तात्पुरतं असेल, तर मुदत संपायच्या आधीच भावाला फेरतपासणीला न्या.