मदत हवी आहे: पार्टी वॉलची (सामाईक भिंतीची) नोटीस आधी की बिल्डरची तारीख आधी?

नमस्कार मंडळी, इंग्लंडमध्ये घराचं एक्स्टेन्शन केलेलं कुणी इथे असेल तर प्लीज सविस्तर सांगा, बिल्डर उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा म्हणतोय आणि आमचं काहीच ठरत नाहीये.

आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहतो, १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर, म्हणजे एका बाजूने शेजाऱ्याच्या घराला जोडलेलं. मागे ३ मीटर वाढवून किचन मोठं करायचंय आणि खाली एक टॉयलेट-शॉवर काढायचाय. मे महिन्यात सांगलीहून आईबाबा येतायत, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि आमच्याकडे टॉयलेट फक्त वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, मागच्या खेपेला ते एकेका पायरीवर बसत बसत खाली यायचे, बघवायचं नाही. म्हणून ही सगळी घाई.

३ मीटरपर्यंत परमिटेड डेव्हलपमेंटमध्ये बसतं, प्लॅनिंगचा अर्ज लागत नाही, म्हणून आम्ही निवांत होतो. मग ड्रॉइंग करणाऱ्याने सांगितलं की पार्टी वॉलचा १९९६ चा कायदा वेगळा, त्याचा प्लॅनिंगशी काही संबंध नाही. स्टीलचा बीम सामाईक भिंतीत बसणार म्हणून एक नोटीस, आणि पायाचं खोदकाम शेजारच्या घरापासून ३ मीटरच्या आत आणि त्यांच्या पायापेक्षा खोल जाणार म्हणून दुसरी.

बिल्डरकडे २ मार्चचा स्लॉट आहे, त्यासाठी ४ हजार पौंड डिपॉझिट मागतोय, तो चुकला तर थेट सप्टेंबर म्हणतो. आज १२ जानेवारी.

भिंतीला भिंत असलेल्या शेजारी एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या, स्वभावाने फार चांगल्या. तोंडी हो म्हणाल्यात, पण मला आत नेऊन सोफ्यामागची भेग दाखवली, केसाएवढी बारीक, छतापासून फायरप्लेसपर्यंत गेलेली, त्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, ही वाढली तर मला कसं कळणार? मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या बाजूचं घर भाड्याने दिलेलंय, भाडेकरूंनी मालकाला कधी बघितलेलं नाही, सगळं एजंटमार्फत.

तर डिपॉझिट भरून टाकू का? नोटीस दिल्यावर नक्की किती दिवस धरायचे? आणि मालकाने उत्तरच दिलं नाही तर काम अडतं का?

स्लाउकर:
ताई, घाईने पैसे भरू नका. आम्ही गेल्या वर्षी यातूनच गेलोय.

२ मार्चचं गणित बसत नाही. सामाईक भिंतीतल्या कामाला २ महिन्यांची नोटीस लागते, खोदकामाला १ महिन्याची. परवा दिलीत तरी बीमचं काम १४ मार्चच्या आधी सुरू करता येत नाही, आजींनी आधी सुरू करायला लेखी संमती दिली तर गोष्ट वेगळी. तोंडी होकार कायद्यात धरत नाहीत, १४ दिवसांत लेखी उत्तर यायला हवं.

खरी गोम दुसऱ्या बाजूला आहे. लँड रजिस्ट्रीतून (मालकीच्या सरकारी नोंदींतून) मालकाचं नाव-पत्ता काढा, तिथे पाठवा, शिवाय "ओनर" असं लिहून एक प्रत त्या घरी भाडेकरूच्या हातात द्या, कुणी नसेल तर दारावर दिसेल अशी लावा, कायद्याला ते चालतं. १४ दिवस काही आलं नाही की वाद आहे असंच धरतात, काम कायमचं अडत नाही पण सर्व्हेअर येतात. मग सर्व्हेअर नेमा असं पत्र द्यायचं, १० दिवस थांबायचं, तरी गप्प बसला तर त्याच्या वतीने तुम्ही नेमायचा, तुमच्या सर्व्हेअरपेक्षा वेगळा. दोघं मिळून अवॉर्ड, म्हणजे कामाबद्दलचा लेखी निर्णय, देतात. आमचा मालक असाच गप्प होता, नोटिशीपासून अवॉर्ड हातात यायला साडेदहा आठवडे लागले आणि दोघांची फी आम्हीच भरली.

खोदकामाच्या नोटिशीबरोबर खोली दाखवणारं ड्रॉइंग लागतं, तेव्हा खोली आधी पक्की करून घ्या. आमच्याकडे मागे पेअरचं झाड, खाली लंडन क्ले म्हणजे चिकणमाती, बिल्डिंग कंट्रोलवाल्याने (बांधकाम नियमात आहे का ते तपासणाऱ्याने) पाया अजून खोल न्या सांगितलं आणि नोटीस पुन्हा द्यावी लागली, तो महिना फुकट गेला. नोटीस १२ महिने चालते, त्यामुळे ती लवकर देण्यात नुकसान नाही, तारीख लवकर देण्यात आहे. बिल्डरला सांगा, अवॉर्ड हातात आल्यापासून ३ आठवड्यांनी सुरू, आणि ते कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घ्या. तयार नसेल तर दुसरा बघा, सप्टेंबरची भीती आम्हालाही घातली होती.

आजींनी संमती दिली तरी त्यांच्या भिंतींची शेड्यूल ऑफ कंडिशन करून घ्या, म्हणजे कामाआधीची नोंद, फोटोंसकट. भेगेशेजारी पट्टी धरून फोटो काढायचा, एक प्रत त्यांच्याकडे.

बाबांसाठी एक सुचवतो, जिना सामाईक भिंतीला नाही, बाहेरच्या बाजूच्या भिंतीला लागून असेल तर त्याखाली छोटं टॉयलेट आधी करून घ्या. सामाईक भिंतीला हात लागत नाही, पायाचं खोदकाम नाही, पार्टी वॉलची नोटीस नाही. नवीन ड्रेनेज म्हणून बिल्डिंग कंट्रोलला कळवावं लागेल तेवढंच.

हॅरोवासी:
दादा, किती आभार मानू! जिना बाहेरच्याच बाजूला आहे, हे आम्हाला सुचलंच नव्हतं. नवरा आत्ता टेप घेऊन मोजतोय, दाराच्या जागी ७८ सेंटिमीटर मिळतायत.

बिल्डरला फोन केला, २ मार्च नको म्हणून सांगितलं. अवॉर्डनंतर ३ आठवडे हे लिहून द्यायला तयार आहे, डिपॉझिटपण हजारावर आणलंय. आजींकडेही जाऊन आले, फोटो काढताना पट्टी त्यांनीच धरली, प्रिंट मोठी काढ म्हणाल्या, चष्म्याशिवाय दिसायला हवी.

आता एकच, ७८ सेंटिमीटरच्या दारातून वॉकर घेऊन माणूस नीट आत जातो का? कुणी घरी करून बघितलंय?