शब्दचर्चा : कंगोरे असलेल्या धुण्याच्या सिंकला आपला शब्द कोणता?

पांझराकाठ : कपडे धुण्यासाठी कमरेइतक्या उंचीवर बसवायचं सिमेंटचं किंवा चिनीमातीचं सिंक असतं. त्याच्या एका बाजूला उतार आणि उतारावर आडव्या खाचा. घराच्या कामाच्या यादीत नुसतं 'सिंक' लिहिलं तर गवंडी भांडी घासायचं समजतो, 'मोरी' लिहिलं तर जमिनीलगतचं. नेमका शब्द आहे का? मला 'धुणपाट' सुचतो.

गिरणाथडी : नाना, 'पाट' नको. आपल्याकडे पाट म्हटलं की आधी कालव्याचं पाणी आठवतं, मग जेवायला बसायचा पाट, आणि 'पाट लावणे' (विधवेचं पुनर्लग्न) तर निराळंच. जुना शब्द आहे धोंडा किंवा धुण्याचा दगड. घरामागच्या मोरीत नाहीतर नदीच्या थडीला ठेवलेला.

पण धोंडा आणि तुम्ही सांगताय ती वस्तू यांचं काम वेगळं आहे, ते क्रियापदांतून दिसतं. धोंड्यावर कपडा आपटतात, मोगरीने धोपटतात. खाचांच्या उतारावर तो चोळतात. आपटण्याने पाण्याच्या झटक्यासरशी मळ निघतो, म्हणून गोधडी, चादर, धोतर यांना धोंडाच बरा. चोळण्याने मळ घर्षणाने निघतो, म्हणून कॉलर, बाह्या, पायजम्याच्या पायांचे काठ यांना खाचा उपयोगी. पुढचं हिसळणं (कोणी खंगाळणं म्हणतं) आणि पिळणं दोन्हीकडे सारखंच. अहिराणीत सगळ्याला मिळून 'कपडा धोवाले' पुरतं. बारीक भेद मात्र प्रमाण मराठीतच सांगावे लागतात असं नाही, मोगरी आणि धोंडा बोलीतही आहेतच.

ओळंबा : शब्द ठरवण्याआधी एक दुरुस्ती. 'खाचा' म्हणताय, पण काम खाच करत नाही, दोन खाचांमधला उंचवटा करतो. त्याला कंगोरा म्हणतात. खाचेचं काम साबणाचं पाणी धरायचं आणि मळ खाली सोडायचा. कारागिराला 'खाचा पाड' म्हटलं की तो धारदार चिरा पाडून मोकळा होतो. 'कंगोरे काढ' म्हटलं की गोल करतो. धार राहिली तर काठाचे धागे ओढले जातात आणि बटणं तुटतात, म्हणून या शब्दाचा आग्रह.

जागेवर बांधायचं असेल तर माप असं: वरची कड जमिनीपासून ७५ ते ८० सेंमी. उताराची लांबी ४५ सेंमी, तेवढ्यात १२ ते १५ सेंमी उतार. १ भाग सिमेंट, ३ भाग चाळलेली वाळू, २० मिमी जाडीचा थर. तो ओला असतानाच १२ मिमीची सळई अर्धी दाबून दर २५ मिमीवर आडवी खाच उमटवायची, कडेची ३-४ सेंमी कोरी सोडायची, नाहीतर पाणी बाजूने अंगावर येतं. उभ्या खाचा कधीच नकोत. कपडा खाचेच्या दिशेने नुसता घसरतो आणि साबण आधीच वाहून जातो. मग कोरं सिमेंट लावून घोटाई, आणि निदान १० दिवस ओलं गोणपाट. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पाणी मारण्यात एक दिवसाची हयगय झाली तरी कंगोऱ्याची साल निघते, आतली वाळू उघडी पडते आणि कापड खरवडतं. निचऱ्याला ५० मिमीचा पाइप, ४० चा धाग्यांच्या गुंत्याने तुंबतो.

पांझराकाठ : कंगोरे गुळगुळीत झाले तर पाट्या-वरवंट्यासारखी टाकी लावता येते का?

ओळंबा : दगडाला येते, सिमेंटला नाही. २० मिमीचा थर टाकीच्या ठोक्याने पोपड्यासारखा सुटतो. बऱ्याचदा कंगोरे झिजलेले नसतातच, भरलेले असतात. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका होतो आणि खाचांत बसतो. ताठ ब्रशने काढा, आणि साबणाआधी पाण्यात धुण्याचा सोडा घाला, साका कमी होतो. अ‍ॅसिड अजिबात ओतू नका. सिमेंट आणि शहाबादी फरशी दोन्ही खातं. आपला काळा दगड तेवढा टिकतो.

तापीपार : 'टाकी' शब्द आला म्हणून लिहिते. पाथरवटाची टाकी म्हणजे छिन्नी, संस्कृत टंक. पाण्याची टाकी वेगळी, तिच्या घराण्यातलं टाकं म्हणजे किल्ल्यावरचं खडकात कोरलेलं पाणीसाठ्याचं. इंग्रजी 'टँक' हा गुजराती-मराठी टांकं या शब्दावरून गेला असं कोशकार मानतात. पोर्तुगीज 'टांक' या शब्दाचाही त्यात वाटा धरतात, त्याची व्युत्पत्ती मात्र 'पाणी अडवणे' अशी वेगळी सांगतात. गंमत पुढे आहे. ब्राझीलमध्ये कंगोऱ्यांचा उतार असलेल्या याच धुण्याच्या सिंकला तो पोर्तुगीज शब्द वापरतात, आणि तिथला उच्चार जवळजवळ 'टांकी' असा होतो. अमेरिकेत मात्र फळी आणि टब वेगळे राहिले. पत्र्याच्या कंगोऱ्यांच्या फळीचं पेटंट तिथे १८३३ चं आहे, म्हणून त्यांचं नावही फळीचं, 'वॉशबोर्ड'.

तेव्हा नवा शब्द घडवायची गरज मला वाटत नाही. 'धुण्याची टाकी' म्हणा, ती कोणालाही कळेल. आपला शब्द इंग्रजीत गेल्याचं दुसरं उदाहरण: निचऱ्याखाली पाणी धरून गटाराचा वास अडवणारं जे भांडं बसवतात, प्लंबर ज्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात आणि इंग्रजी नकाशांतही तसंच छापतात, त्यातली नहाणी म्हणजे आपली न्हाणी. मोरीचा शब्द अभियंत्यांनी तसाच घेतला.

गिरणाथडी : ताई, 'धुण्याची टाकी' पटलं. एवढंच की नुसती 'टाकी' लिहिली तर गच्चीवरची काळी टाकी येईल. 'धुण्याची' हा शब्द गाळू नका.

ओळंबा : यादीत असं लिहा, नाना: 'धुण्याची टाकी, डाव्या बाजूस आडव्या गोल कंगोऱ्यांचा उतार, कड ७५ सेंमीवर, निचरा ५० मिमी, खाली नहाणी ट्रॅप.' डावी-उजवी लिहाच, नळ दुसऱ्या बाजूला यावा लागतो. आणि उन्हाळ्यात घर महिनाभर बंद ठेवाल तर निघताना ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता. त्यातलं पाणी आटलं की गटाराचा वास घरात शिरतो.