विषय: नाशिकला घर – रविवारपर्यंत टोकन द्यायचंय. गंगापूर रोड की नाशिकरोड?

सोनू, मंगळवार रात्री

सगळ्यांना नमस्कार,

घाईत लिहितेय. दोन घरं बघून ठेवलीत आणि रविवारपर्यंत एका मालकाला टोकन द्यायचंय, कारण कंपनीचं गेस्ट हाऊस महिनाअखेरीस सोडावं लागेल. आमच्या दोघांचं एकमत होत नाहीये. आपल्या स्टुटगार्टच्या मंडळात नाशिकची माणसं किती आहेत ते गणपतीच्या पंगतीत कळलंच होतं, म्हणून इथे विचारतेय.

माझं काम मुसळगाव एमआयडीसीत, सिन्नरच्याही पुढे. ह्यांना आठवड्यातून दोनदा मुंबई, बाकीचे दिवस घरून काम. लेकीला जूनमध्ये पहिलीत घालायचंय. एक घर गंगापूर रोडला, सोमेश्वरच्या अलीकडे, मोकळं, हवेशीर, खाली झाडं. दुसरं नाशिकरोडला जेल रोडवर, स्टेशन जवळ, पण समोर इमारतीचं काम चालू आहे. भाड्यात फरक नाही म्हणावा इतकाच.

आज मुद्दाम गंगापूर रोडवरून निघून बघितलं. 7:40 ला निघाले, 9:15 ला गेटवर. त्यातली पंचवीस मिनिटं एकट्या द्वारका चौकात गेली. हे रोजचं आहे की आजचंच?

– सोनू

काकू, मंगळवार

सोनू, गंगापूर रोडच घे, दुसरा विचार करू नकोस. पोरीचं शाळेचं वय आहे. तिकडे शाळा आहेत, क्लास आहेत, कुसुमाग्रज स्मारक आहे, संध्याकाळी सोमेश्वरला नदीवर नेता येईल, पावसाळ्यात तिथला धबधबा बघायला मिळेल. आम्ही कॉलेज रोडला राहायचो तेव्हा सगळं पायी व्हायचं. भाजी, दवाखाना, गाण्याचा क्लास, काही काही गाडीने नाही. मुंबईची गाडी काय, नवऱ्याला आठवड्यातून दोनदाच पकडायचीय. घर मात्र रोज लागतं.

बंडूदादा, बुधवार

काकूंचा मान राखून सांगतो, त्यांनी नाशिकरोडला कधी एक रात्र तरी काढली आहे का? माझे वडील नोटप्रेसमध्ये होते, मी प्रेसच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. इंडिया सिक्युरिटी प्रेस 1925 ची, करन्सी नोट प्रेस 1928 ची. गाव त्या दोन प्रेसच्या आणि स्टेशनच्या भोवती उभं राहिलंय. आम्ही शहरात निघालो की 'नाशिकला जाऊन येतो' म्हणायचो, इतकं ते वेगळं गाव आहे.

सोनू, हिशेब सरळ आहे. पंचवटी एक्स्प्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला येते आणि पावणेअकराच्या आसपास सीएसएमटी. संध्याकाळी सव्वासहाला तिथून निघते, घरी पोचायला दहा वाजतात. ही गाडी 1975 पासून नाशिककरांना मुंबईला नेऊन आणतेय. गंगापूर रोडवरून ती पकडायची तर माणसाला पाचला उठावं लागतं, रात्री उतरून पुन्हा दहा-बारा किलोमीटर. आणि तू तर रोज सिन्नरला जाणार. जेल रोडवरून निघालीस की दारणेवरचा पूल, शिंदेचा टोल नाका, मोहदरी घाट, की सिन्नर. द्वारका तुझ्या वाटेत येतच नाही.

पासवाल्यांशी ओळख करून घ्यायला सांग त्यांना. डब्यात कोण कुठे बसतं ते ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी भलत्याच जागेवर बसू नका म्हणावं.

अण्णा, बुधवार

दोघंही पंचवटी विसरलात. नाशिक म्हणजे गोदाकाठ. माझं लहानपण काळाराम मंदिराच्या मागे गेलं. पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते बघायला आम्ही पोरं धावायचो. कमरेला आलं, छातीला आलं, अशी खबर गल्लीभर फिरायची. रंगपंचमीला रहाड, म्हणजे रंगाचा जुना हौद, उघडतात ती पोरीला दाखव, दुसरीकडे कुठे बघायला मिळायची नाही. धुळवडीला वाट बघू नका, नाशकात रंग पंचमीलाच.

सोनू, एक काम आहे. आपल्या सहा ढोलांपैकी दोन ढोलांची पानं, म्हणजे तोंडावर ताणलेले पडदे, गेल्या विसर्जनाला फाटली, तुला माहीतच आहे, तू तिथेच होतीस. नाशिकहून पानं पाठवता येतील का? एप्रिलमध्ये माझा भाचा येणार आहे, त्याच्या हाती दे.

मिनू, बुधवार

अण्णा, कृपा करून या वेळी फायबरची मागवा. चामड्याची आणली तर विमानतळावर अडकतील, प्राण्याच्या कातड्यावर इकडे किती प्रश्न विचारतात ते आपण एकदा भोगलंय.

अण्णा, बुधवार

मिनू, फायबरला तो नाद नाही. चामड्याचा धूम पोटात उतरतो. फायबर नुसतं कानाला लागतं.

मिनू, गुरुवार

पण इथे सप्टेंबरात पाऊस असतो. चामडं ओल धरतं, सैल पडतं, मग दर अर्ध्या तासाला पथक थांबवून दोऱ्या ताणा. गेल्या वर्षी मिरवणूक टाउन हॉलपाशी वीस मिनिटं अडली ती त्याचमुळे. मी पथक सांभाळते, मला माहीत आहे.

अण्णा, गुरुवार

पथक मी सुरू केलं.

सचिव, गुरुवार

ढोलाचा विषय कृपया वेगळ्या मेलवर न्यावा. तिथे दोघांनी आपापलं म्हणणं मांडावं, समितीच्या बैठकीत ठरवू. सोनूला रविवारपर्यंत उत्तर हवंय.

नाना, गुरुवार

सोनू, घर कुठलंही घे, आधी एक सांग. करार कसा करणार आहेत? नोंदणी करणार की नुसती नोटरी?

सोनू, गुरुवार रात्री

नाना, जेल रोडचे मालक म्हणाले, अकरा महिन्यांचा करार आहे म्हणजे नोंदणी लागत नाही, स्टॅम्पवर नोटरी करू. गंगापूर रोडच्या मालकांना अजून विचारलं नाही.

काकू, बंडूदादा, दोघांचंही वाचून डोकं आणखी भणभणलं. ह्यांना गंगापूर रोडचं घर हवंय आणि मला जेल रोडचं. खरं तर गाडी त्यांना पकडायची आहे! पण ते म्हणतात, लेक दिवसभर घरी असेल तेव्हा खिडकीतून तिला क्रेन दिसावी की झाडं? यावर मला उत्तर सुचत नाही.

मला इथे तीन आठवडेच झालेत. मी रत्नागिरीची, घाटावर कधी राहिलेली नाही. माझ्या डोक्यात थंडी म्हणजे स्टुटगार्टची उणे पाच. पण तिथे घरात शिरलं की कोट काढायचा. इथे बाहेर दहा अंश असतात, दुपारी छान ऊन पडतं, आणि घरात मात्र पहाटे फरशीवर पाय ठेववत नाही. हवा इतकी कोरडी की लेकीचे ओठ फुटलेत. शेजारच्या आजींनी बेंबीला तेल लावायला सांगितलं. लावतेय.

आणि द्राक्षं. स्टुटगार्टमध्ये घरांच्या मागच्या उतारावर वेली असायच्या, सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी झाली की सगळं उघडं, काळं, झोपलेलं. इथे जानेवारीत वेलींना घड लटकलेत! आमच्या लाइनवरचा एक मुलगा निफाडचा आहे, त्याने समजावून सांगितलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यात पुढच्या पिकाची काडी तयार होते. ऑक्टोबरात गोडी छाटणी, त्यातून फळ. म्हणजे वेलीला थंडीत झोपूच देत नाहीत. निफाडचा पारा उतरला की मणी तडकतात, म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबकने पाणी सोडतात. परवा तो डोळे लाल घेऊन आला. रात्रभर बागेत होता आणि सकाळच्या शिफ्टला हजर. मी त्याला घरी जा म्हटलं तर म्हणाला, मॅडम, बागेत बसण्यापेक्षा इथे ऊब आहे.

नाना, नोटरीचं काय करू?

नाना, शुक्रवार सकाळी

अकरा महिने म्हणजे नोंदणी नको, हा समज सगळीकडे पसरलाय आणि महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999, कलम 55. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, तुझी नाही. नोंदणी नसेल आणि उद्या वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. म्हणजे नोंदणी टाळून मालक स्वतःचंच नुकसान करून घेतो, हे त्यांना शांतपणे सांग. आता ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो, एजंट मशीन घेऊन घरी येतो. तुमच्या दोघांच्या आधारवर पत्ता आणि मोबाईल बरोबर आहे ना ते आजच बघून घ्या. परदेशातून परतलेल्यांचं तिथेच अडतं.

डिपॉझिट किती मागितलं? स्टुटगार्टला तीन महिन्यांच्या मूळ भाड्याच्या वर मागता येत नाही, ती सवय इथे धरू नकोस. जे ठरेल ते आणि परत कधी मिळणार ते करारात आकड्यांत लिहून घे. आणि पोलीस पडताळणी विसरू नकोस.

बंडूदादा, शुक्रवार

नाना बरोबर. माझ्या चुलतभावाचे डिपॉझिटचे पैसे असेच अडकले होते, कागदावर काहीच नव्हतं.

सोनू, अजून एक मुद्दा, तो काकूंना आवडणार नाही. 2027 ला सिंहस्थ आहे. रस्त्यांची कामं आत्तापासून चालू आहेत. 2015 ला मी सुट्टीवर आलो होतो. पर्वणीच्या दिवशी गाड्या शहराबाहेरच लावायच्या आणि पुढे बसने किंवा चालत, अशी व्यवस्था होती. तपोवनात साधुग्राम, रामकुंडावर स्नान, सगळी गर्दी त्या पट्ट्यात. गंगापूर रोडवरून शहर ओलांडून तू त्या दिवशी सिन्नर गाठणार कशी?

काकू, शुक्रवार

पर्वण्या म्हणजे मोजके दिवस. त्यासाठी कोणी वर्षभराचं घर ठरवत नाही. 2003 च्या कुंभात आमच्याकडे अकरा पाहुणे उतरले होते, त्यातल्या दोघांची मी नावंही आधी ऐकली नव्हती. सगळ्यांना जेवू घातलं. शहरातच राहायला हवं ते यासाठी. पोरीला तो मेळा दिसेल. नाशिकरोडला राहून टीव्हीवर बघणार का?

आणि वाचनालयाचं कोणी बोललंच नाही. सार्वजनिक वाचनालय 1840 चं आहे. सोनू, तुझी लेक वाचणारी आहे, मी तिला दिवाळीत पुस्तक दिलं होतं तर तिने हॉलच्या कोपऱ्यात बसून संपवलं. तिचं नाव तिथे घाल, घर कुठेही घेतलंस तरी.

अण्णा, शुक्रवार

वसंत व्याख्यानमालेला पण ने. मे महिन्यात, गोदाघाटावर, रात्री. मी आठवीत असताना पहिल्यांदा गेलो होतो, वडिलांच्या सायकलवर मागे बसून.

सोनू, रविवार रात्री

सगळ्यांना,

टोकन दिलं. नाशिकरोडच्या अलीकडे उपनगरला.

झालं असं. जेल रोडच्या मालकांना मी नानांचं कलम 55 सांगितलं, अगदी नानांनी सांगितलं तसं, आवाज न चढवता. ते म्हणाले, मग घर तुम्हाला नको, दुसरे तयार आहेत. शुक्रवारी रात्री मला खरोखर रडू आलं. गंगापूर रोडचे मालक नोंदणीला तयार होते, पण शनिवारी आम्ही तिघं पहाटे साडेपाचला तिथून स्टेशनला निघून बघितलं. लेक मागच्या सीटवर झोपलेली, धुकं, आणि हे गप्प. स्टेशनवर पंचवटी आली, पासवाले आपापल्या डब्यासमोर उभे होते, कोणी घाई केली नाही, सगळे जागच्या जागी चढले. गाडी गेल्यावर हे म्हणाले, इकडेच बघू.

मग दिवसभर फिरलो. उपनगरला एक निवृत्त मास्तर आहेत, वरचा मजला रिकामा. त्यांनीच आधी विचारलं, नोंदणी कधी करायची? खाली दोन चिकूची झाडं आणि एक कडुनिंब आहे, तेव्हा ह्यांचंही समाधान झालं. स्टेशन जेल रोडपेक्षा थोडं लांब पडतं, पण मुसळगावकडे निघायला द्वारका लागत नाही. सोमवारी सकाळी निघून वेळ मोजणार आहे.

नाना, आधारवरचा माझा पत्ता अजून रत्नागिरीचा निघाला. तो बदलेपर्यंत नोंदणी थांबेल का, की जुन्या पत्त्यावर चालेल?

काकू, वाचनालयात मंगळवारी जातेय, नाव घालून येते. सभासद व्हायला काय कागद लागतात तुम्हाला आठवतं का?

अण्णा आणि मिनूताई, तुमचं ठरलं की पानांचं माप मला इंचांत पाठवा, आणि ढोलाची उंचीही. दोन्हीकडची पानं सारखी नसतात म्हणे, तेव्हा थापीची किती आणि धूमची किती ते वेगवेगळं लिहा. भाचा एप्रिलच्या कितव्या तारखेला निघणार?

– सोनू