१९४० च्या सुपरहिरॉइन सहावीतल्या मुलींना दाखवायच्या आहेत, एक पान अडलंय

रेघोट्या (इंदिरानगर, नाशिक)

मंडळी, माझा चित्रकलेचा वर्ग आहे, सहावी-सातवीच्या मुली जास्त. मेच्या सुट्टीत प्रत्येकीकडून स्वतःच्या सुपरहिरॉइनची चार पानी चित्रकथा काढून घ्यायची आहे. त्याआधी अमेरिकन कॉमिक्समधल्या अगदी सुरुवातीच्या नायिका त्यांना दाखवाव्यात असं मनात आहे. कारण त्या वेळी 'सुपरहिरॉइन अशीच असते' हे कुणी ठरवलेलंच नव्हतं, आणि मला त्या मोकळेपणाचं फार अप्रूप वाटतं.

फेब्रुवारी १९४० ची फँटोमा बघा. फ्लेचर हँक्सने काढलेली, जंगलाची राखणदार. एरवी देखणी, पण संतापली की चेहऱ्याची कवटी होते. सोनेरी केस मात्र जसेच्या तसे! कोण, कुठली, शक्ती कशी मिळाली, काही म्हणजे काही सांगायचं नाही. ती चौकट मी भिंग घेऊन पाहिली. कवटीला निळसर रंग दिलाय आणि केसांची एकेक बट निगुतीने काढलीय. नायिका रागावल्यावर सुंदर दिसायला हवी, ही अट तिथे नाहीच.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधली मा हंकेल तर माझी सगळ्यांत लाडकी. किराणा दुकान चालवणारी, अंगापिंडाने भक्कम, पोरंबाळं असलेली बाई. गल्लीतल्या गुंडांना धडा शिकवायचा म्हणून लाल कपडे चढवते, डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं पातेलं डोक्यावर घालते आणि 'रेड टोर्नेडो' होते. लोकांना वाटतं, कुणी पुरुषच आहे.

अडलंय ते वंडर वुमनपाशी. पुरुषाने तिच्या कंकणांना साखळ्या जोडल्या की तिची शक्ती जाते. आणि १९४२ मध्ये जस्टिस सोसायटीत, म्हणजे सुपरहिरोंच्या संघटनेत, तिला घेतलं ते सेक्रेटरी म्हणून. पुरुष लढायला जाणार आणि ही मागे राहणार! हे मुलींना दाखवावं की ते पान सोडून पुढे जावं?

जुनी पानं

ताई, साखळ्यांचा भाग गाळू नका. तिचा निर्माता विल्यम मार्स्टन मानसशास्त्रज्ञ होता, रक्तदाबावरून खोटं ओळखायच्या चाचणीवर त्याने काम केलं होतं. बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या व्यंगचित्रांत साखळदंड तोडणारी बाई सतत दिसायची. वंडर वुमनचा चित्रकार एच. जी. पीटर ज्या 'जज' साप्ताहिकासाठी चित्रं काढायचा, त्यात मताधिकाराचं पानच असायचं. मार्स्टनच्या घरात राहणारी त्याची सहचारिणी ऑलिव्ह बर्न ही मार्गारेट सँगरची भाची. संततिनियमनाचा प्रचार करणारी ही सँगर डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींशी वाद घालून गेली होती. तेव्हा त्या साखळ्या आकाशातून पडलेल्या नाहीत. मार्स्टनचा बांधाबांधीचा सोस जरा अतीच होता हेही खरं. ती चित्रं निवडून घ्या.

सेक्रेटरीचं म्हणाल तर तो अंक मार्स्टनचा नव्हे, गार्डनर फॉक्सचा. तिच्या स्वतःच्या मासिकात ती तेव्हा सगळ्यांना पुरून उरत होती. एकच बाई, दोन लेखणी. दोन्ही पानं शेजारी ठेवा, मुलींना फरक आपोआप दिसेल.

देवळालीकर

आमच्या लहानपणी कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडे इंद्रजालचे अंक मिळायचे, पण त्यांत वेताळ नि मँड्रेकच. त्यांच्या मैत्रिणी डायना आणि नार्दा होत्या, तरी गोष्ट त्यांची नसायची. म्हणून तुमचा उपक्रम मला मनापासून आवडला. एक भर घाला. वंडर वुमनच्या सहा वर्षं आधी, १९३५ मध्ये, मुंबईत वाडिया मूव्हिटोनचा 'हंटरवाली' आला. मुखवटा लावून चाबूक चालवणारी राजकन्या, आणि ती उभी केली नादियाने. मुलींना हे आपल्याकडचं म्हणून कळायलाच हवं.

मंजिरी_पंचवटी

मी थोडी वेगळ्या मताची आहे. माझी मुलगी याच वयाची. साखळ्या, सेक्रेटरी यावर मोठ्यांनी खुशाल बोलावं. मुलींना आधी गोष्टीची गोडी लागू द्या. जानेवारी १९४२ च्या 'सेन्सेशन' कॉमिक्समधला वंडर वुमनचा तो प्रसंग घ्या ना! डायना, म्हणजे वंडर वुमनच, तिचा आवडता वैमानिक स्टीव्ह घायाळ झालाय म्हणून वॉशिंग्टनला येते. हॉस्पिटलबाहेर एक नर्स रडत असते, हुबेहूब हिच्यासारखी दिसणारी, नावही डायनाच. होणाऱ्या नवऱ्याला दक्षिण अमेरिकेत नोकरी लागलीय आणि तिकडे जायला हिच्याकडे पैसे नाहीत. आपली डायना रंगमंचावर कंकणांनी गोळ्या अडवायचा खेळ करून कमावलेले पैसे तिला देऊन टाकते आणि तिची ओळख घेते. सुपरहिरॉइनचं गुप्त नाव रोख पैसे मोजून घेतलेलं! मुली हे विसरणार नाहीत.

रेघोट्या

सगळ्यांचे मनापासून आभार. मंजिरीताई, नर्सचा प्रसंग पहिल्याच दिवशी घेते. सेक्रेटरीचं पानही दाखवणार, कारण पुढे काय झालं ते त्याशिवाय कळत नाही. १९५४ मध्ये कॉमिक्सवर आचारसंहिता आली. १९५६ मध्ये बॅटवुमन आली तीच मुळी पर्स घेऊन, शस्त्रं म्हणून लिपस्टिक आणि पावडरचा डबा. १९५९ मध्ये सुपरगर्ल आली. अंगात सुपरमॅनइतकी शक्ती, पण त्याने तिला तपकिरी वेण्यांचा टोप घालून अनाथाश्रमात ठेवलं आणि कुणाच्या नजरेस पडायचं नाही अशी तंबी दिली. जगासमोर तिला आणलं ते १९६२ मध्ये! पातेलं घालून बिनधास्त रस्त्यावर उतरलेल्या किराणावालीनंतर हे वाचलं की मला खरोखर राग येतो. मुलींनी त्या किराणावालीच्या बाजूने विचार करावा, एवढंच मला हवंय.

आणि हो, टार्पे मिल्सची 'मिस फ्युरी'ही घेतेय. एप्रिल १९४१, म्हणजे वंडर वुमनच्याही आधीची, आणि बाईनेच लिहिलेली नि काढलेली. बाईचं नाव दिसू नये म्हणून तिने सहीतून 'जून' हे पहिलं नाव गाळलं होतं. माझ्या वर्गातल्या प्रत्येक चित्रकथेवर मात्र पूर्ण नाव येईल, पहिल्या पानावर, ठळक.

फँटोमाची पानं मोठी करून भिंतीवर लावायची आहेत, जुन्या छपाईतले रंगाचे ठिपके दिसतील अशी. कॉलेज रोड किंवा शालिमारच्या बाजूला ए-थ्री रंगीत प्रिंट चांगली कोण काढतं, माहीत असेल तर व्यनि करा.